तिघांतला एक

आमच्या घरात सर्वनाश चहाबरोबर निघायचा.

"सर्वनाशाला दुसरं काय आहे तुझ्याकडे?" आई कागदावरून मान वर न करता विचारायची.

"सत्यानाश," बाबा कपात बिस्कीट बुडवत म्हणायचा.

"ती शिवी वाटते."

"मग धूळधाण घे."

"अरे, बेट पाण्यात गेलंय. पाण्यात धूळ कुठून आणू मी?"

तेवढ्यात बाबाचं बिस्कीट तुटून कपाच्या तळाशी जायचं आणि बाबा कप पुढे करून म्हणायचा, "हा घे. हा खरा सर्वनाश."

हे आधीच सांगते, कारण लोकांना वाटतं की घर मोडतं म्हणजे त्याआधी खूप भांडणं झालेली असणार. आमच्याकडे भांडणं व्हायची ती फक्त शब्दांवरून, आणि एके दिवशी तीही थांबली. मी खूश झाले. म्हटलं वा, आता शांतपणे अभ्यास करता येईल. अक्कल म्हणजे किती असावी एखादीला!

माझे आई-बाबा इंग्रजी माहितीपट मराठीत आणतात. आई लिहिते, बाबा बोलतो. पडद्यावर कुणी परदेशी शास्त्रज्ञ तोंड हलवत असतो आणि त्यातून माझ्या बाबाचा आवाज येतो. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या शास्त्रज्ञाचे ओठ जिथे मिटतात तिथे आईच्या वाक्यातही प, फ, ब, भ नाहीतर म यावा लागतो. नाही आला तर माणूस काचेच्या पेटीतल्या माशासारखा दिसतो. निवेदकाला ही कटकट नसते, कारण त्याचा चेहरा दिसत नाही. त्याने फक्त वेळेत संपवायचं.

मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांचेच बाबा काचेच्या पलीकडे उभे राहून काम करतात.

काचेच्या अलीकडे कानसेनकाका बसतात. आवाज टिपणं हे त्यांचं काम, आणि कान असे की खोलीत कुणाच्या पोटात कावळे ओरडले तर ते बटण दाबून विचारणार, "कोण उपाशी आलंय?" त्यांना माझं खरं नाव घेताना कधी ऐकलं नाही, टोपणनावच घेतात. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची, म्हणून बाबाने मला 'म्यूट' नाव ठेवलं होतं. या वर्षी वादविवादात मला ढकलून उभं केलं, मी तोंड उघडलं, आणि मग ते मिटेचना. आता सगळे मला भोंगा म्हणतात. मला आवडतं. भोंगा निदान ऐकू तरी येतो.

तर ज्या सिनेमाची (माहितीपटालाही आम्ही सिनेमाच म्हणतो) ही गोष्ट आहे तो आला तेव्हा मी भोंगा होते, हे लक्षात ठेवा.

सिनेमा होता एका धरणाचा. धरण फुटतं आणि खालचं अख्खं गाव जातं. निवेदक आहे, धरणाची दारं उघडण्या-मिटण्याचं काम करणारा एक म्हातारा फाटकवाला आहे, एक आजीबाई आहेत, आणि माझ्याच वयाची एक मुलगी आहे. ज्याने कुणी ते इंग्रजी लिहिलं होतं त्याने एकच शब्द दोनदा वापरायचा नाही अशी शपथ घेतलेली असणार. डिव्हास्टेशन, हॅवक, रुइन, कटॅस्ट्रॉफी, ॲनायहिलेशन. विनाशाचं नुसतं दुकान मांडलं होतं. आईचा नियम असा की इंग्रजीत शब्द बदलला तर मराठीतही बदलला पाहिजे, नाहीतर आपली भाषा गरीब दिसते.

सिनेमा आला त्याच आठवड्यात एकदा जेवताना आई म्हणाली, "आम्ही दोघांनी ठरवलंय, थोडे दिवस वेगळं राहून बघू."

माझी आई शब्दांची माणूस. साध्या भाजीला चव आली तर ती तीन विशेषणं नाकारून चौथं लावते. तिने 'बघू' म्हणावं? 'बघू' हा शब्द आपण नवीन सायकल मागितल्यावर मोठी माणसं वापरतात. त्याचा अर्थ सगळ्या मुलांना ठाऊक असतो.

"दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत मला कायमचं काम मिळतंय," बाबा म्हणाला. त्याचा हा आवाज मी ओळखते. वाईट बातमी असलेल्या वाक्याला तो असा सपाट आवाज लावतो, म्हणजे ऐकणाऱ्याला स्वतःचं रडता यावं. "हा सिनेमा हातात घेतलाय तो पुरा करतो. तो संपला की जाईन."

"आणि मी?"

"आपण इथेच," आई म्हणाली.

आमच्या घरात 'आपण' म्हणजे तिघं होते. त्या ताटावर बसल्या बसल्या ते दोघं झाले. बाबाने पाण्याचा तांब्या उचलला, तो रिकामा होता, आणि तरीही त्याने तो स्वतःच्या भांड्यात ओतला.

मी रात्रभर रडले वगैरे लिहायला हवं. रडले, पण फार नाही, कारण माझ्या डोक्यात एक गोष्ट चमकली होती. तो संपला की जाईन. म्हणजे तो संपला नाही तर?

देव कधी कधी शाळेतून मदत पाठवतो. दुसऱ्याच दिवशी इंग्रजीच्या बाईंनी प्रत्येक बाकाला एकेक शब्द दिला. त्याचे इंग्रजी समानार्थी शब्द शोधा आणि वाक्यात उपयोग करा. पुढच्यांना आनंद मिळाला, खिडकीजवळच्यांना धैर्य, आणि आमच्या बाकाला विनाश. माझी बाकसखी म्हणाली, "शी! बदलून मागू या." मी तिचा हात खाली ओढला.

शाळा सुटली की मी घरी न जाता थेट स्टुडिओत जायला लागले. आईच्या शेजारी बसायचं आणि खडा टाकायचा.

"आई, कटॅस्ट्रॉफीला तू 'आपत्ती' लिहिलंयस. सरकारी वाटतं. आपत्ती निवारण कक्ष, दुसरा मजला."

आईची पेन्सिल थांबायची. "मग काय लिहू?"

"अरिष्ट?"

काचेपलीकडून बाबाचा आवाज, "अरिष्ट म्हटलं की मला काढ्याची बाटली दिसते."

"संकट?"

"संकट तर परीक्षेचंही असतं."

"घाला आता तुम्ही घोळ," कानसेनकाका कपाळावर हात मारायचे. "मी चहा सांगतो."

आणि ते वाक्य पुन्हा लिहिलं जायचं, पुन्हा बोललं जायचं, वेळेत बसायचं नाही, पुन्हा कापलं जायचं. एक दुपार गेली की मी मनात म्हणायची, चला, आज तरी नाही संपला.

नुसता वेळ जात नव्हता, आणखी काहीतरी होत होतं. ते दोघं पुन्हा भांडायला लागले होते! स्टुडिओत ती त्याला 'सर' म्हणायची आणि तो तिला 'मॅडम'. पूर्वी ती गंमत होती, हसू दाबून म्हटलेली. गेल्या काही महिन्यांत ती गंमत उरली नव्हती, ती आता कुंपणासारखी मध्ये उभी होती. पण शब्दावरून जुंपली की दोघंही कुंपण विसरायचे. एकदा 'वाताहत' की 'दाणादाण' यावरून आई उठून काचेजवळ गेली आणि ओरडली, "अरे, दाणादाण सैन्याची होते! गायींची नाही होत!" आणि बाबा आतून म्हणाला, "तू गायींना विचारलंस?" आई हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. मी कानसेनकाकांकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत होते, पण त्यांनी नेहमीसारखा चहा सांगितला नाही, कारण चहावाला आला असता तर ते मोडलं असतं.

त्या दिवसांत आईने मला या शब्दांबद्दल जे सांगितलं ते आमच्या बाईंनाही ठाऊक नसावं. "अर्थ शब्दकोशात मिळतो," ती म्हणाली, "वापर नाही मिळत. हॅवक म्हणजे जे अजून चालू आहे. पाणी घुसतंय, माणसं पळतायत. आणि हॅवक एकटा फिरत नाही, त्याला आधी 'रीक' हे क्रियापद लागतं, लहान मुलाला बोट लागतं तसं. डिव्हास्टेशन म्हणजे सगळं थांबल्यावर टेकडीवरून दिसतं ते. रेकेज म्हणजे हाताला लागतं ते, मोडकं, पण उरलेलं. ॲनायहिलेशनमध्ये काहीच उरत नाही."

"आणि रुइन?"

आईने पेन्सिल खाली ठेवली. "रुइन हळू होतं. छप्पर गळतं, कुणी लक्ष देत नाही. भिंतीत ओल जाते. कधी सुरू झालं ते सांगता येत नाही."

मला वाटतं ती सिनेमाबद्दलच बोलत होती. पण घरी आल्यावर मी आमच्या घराला प्रत्येक शब्द लावून बघितला. हॅवक नाही, कारण आमच्याकडे कुणी कधी भांडं आपटलं नाही. डिव्हास्टेशन नाही, कारण सगळं जागेवर होतं. फ्रिजवर तेच चुंबक, दाराशी त्याच चपला. मग मला आठवलं की बाबा पूर्वी नवं वाक्य मिळालं की स्वयंपाकघरात येऊन आईला वाचून दाखवायचा. ते कधी थांबलं? मला तारीख सांगता येईना. आईलाही विचारलं असतं तर सांगता आली नसती.

मग तो डेसिमेटचा दिवस आला. निवेदकाच्या वाक्यात तो शब्द होता. मी आपलं ज्ञान पाजळत म्हणाले, "याचा मूळ अर्थ वेगळाच आहे. जुन्या रोमन सैन्यात शिक्षा म्हणून दहातला एक मारायचे. दहातला एक म्हणजे डेसिमेट!"

"मग मराठीत काय करायचं, मॅडम?" बाबा माइकमधून म्हणाला. आवाजात हसू होतं.

"आता तो अर्थ राहिला नाही. आता मोठा संहार," आई म्हणाली.

आणि माझ्या तोंडातून निघालं. मी ठरवलं नव्हतं. भोंग्याचं बटण कधी कधी आपोआप दाबलं जातं. "दहातल्या एकाला शब्द आहे. तिघांतला एक गेला तर त्याला कुठला शब्द?"

माइक चालू होता. माझं वाक्य आत गेलं, बाबाच्या कानावरच्या हेडफोनमध्ये. मी पाहिलं, त्याने एका हाताने हेडफोनची एक बाजू कानापासून किंचित दूर केली, जोरात आवाज आल्यावर करतात तशी. मी तर हळू बोलले होते.

आईने पान उलटलं. "पुढचं वाक्य," ती म्हणाली.

त्यानंतर तिने माझ्याकडून शब्द घेणं बंद केलं. रागाने नाही. मी काही सुचवलं की ती म्हणायची, "छान आहे गं," आणि स्वतःचाच ठेवायची. सिनेमा सरळ पुढे सरकायला लागला.

फाटकवाल्याचं दृश्य शेवटाकडे होतं. म्हातारा खुर्चीवर बसलाय, मागे नदीचं कोरडं पात्र, आणि तो कॅमेऱ्यात बघून एवढंच म्हणतो, "वी वेअर डिव्हास्टेटेड." चेहरा इतका जवळ की ओठांच्या भेगा दिसतात. आईने त्यावर चार दिवस घालवले असतील. तिने लिहिलं होतं, "उद्ध्वस्त झालो." बघा ना किती हुशार! 'वी वेअर'ला ओठ गोल होतात, 'उ'लाही गोल. त्याच्या तोंडात मध्ये 'व्ह' आहे, हिच्याही मध्ये 'व' आहे. आणि ओठ कुठेही मिटत नाहीत, म्हणून तिने 'आम्ही'सुद्धा काढून टाकला.

बाबाने एकदा म्हटलं आणि थांबला. "मी नाही म्हणणार हे."

"ओठ बसतायत, सर."

"ओठ बसतायत, माणूस बसत नाही. असं कोण बोलतं गं? मला कुणी विचारलं, काय रे, कसा आहेस, तर मी सांगू का, उद्ध्वस्त आहे?"

"विचारलंय कुणी?" आई म्हणाली.

बाबा काचेतून तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याला कधी विचारलं नव्हतं, आणि त्याने तरी तिला कुठे विचारलं होतं? हे मला, शाळेच्या गणवेशात, हातात अर्धी खाल्लेली काकडी धरून, तिथे समजलं. आणि समजून करणार काय?

"माइक चालू आहे," कानसेनकाका अगदी हळू म्हणाले.

"घेऊ या," बाबा म्हणाला. पडद्यावर म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि बाबा म्हणाला, "वाट लागली."

एरवी मी खो-खो हसले असते. बस चुकल्यावर, गणिताचा पेपर बघितल्यावर आम्ही तेच म्हणतो. पण तो ते असं म्हणाला की म्हातारा खरंच तेच बोलला असावा. ओठही बसले.

आईने पानावर खूण केली. "दोन्ही ठेवा," ती कानसेनकाकांना म्हणाली. "चॅनेलवाले ठरवतील." मग माइकचं बटण बंद करून, कुणाला ऐकू जाणार नाही असं, "तेच बरोबर आहे," म्हणाली. मला ऐकू गेलं.

शेवटच्या दिवशी माझं काम होतं. हो, त्या मुलीचा आवाज माझा होता! महिनाभर मी वर्गात सगळ्यांना सांगून भंडावून सोडलं होतं. तिला जेमतेम एक संवाद आहे. घर होतं त्या जागी नुसता चिखल आहे, ती हात करून दाखवते आणि म्हणते, "ती माझी खोली. तिथे. नाही, तिथे." बस. मी घरी आरशासमोर हुंदके देऊन, गळा काढून तयार झाले होते.

मी स्टुडिओत शिरले तर बाहेरच्या बाकावर बाबाची बॅग होती. मोठी. तिच्या कडेच्या कप्प्यात त्याचे घरचे हेडफोन कोंबलेले होते, जे आमच्या दाराजवळच्या खिळ्यावर असतात. तो इथूनच परस्पर जाणार होता. मी शाळेत होते तेव्हा त्याने तो खिळा रिकामा केला होता.

मी आत गेले, हेडफोन घातले, आणि ठरल्याप्रमाणे गळा काढला.

"ती रडत नाहीये, राजा," आई काचेपलीकडून म्हणाली. "ती शोधतेय."

मी पुन्हा घेतलं. पडद्यावर ती मुलगी हात वर करते. मी तिच्याकडे बघितलं आणि मला आमचं दार दिसलं, दाराजवळची भिंत, भिंतीवरचा खिळा, आणि मला आठवेना की तो दिव्याच्या बटणाच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या. रोज बघते मी तो! "ती माझी खोली," मी म्हणाले. "तिथे. नाही, तिथे."

"मिळालं," कानसेनकाका म्हणाले. एका फटक्यात. मला मेलीला चांगलं बोलायची हौस! वाईट बोलले असते तर आणखी तासभर गेला असता.

"आता खोली घेऊ," ते म्हणाले.

ही त्यांची जुनी पद्धत. काम संपलं की ते त्या खोलीची शांतता भरून घेतात. वाक्यांच्या मधल्या फटींत ती लावायची, कारण तिथे काहीच नसलं तर ऐकणाऱ्याचा कान ठेचकाळतो. त्यांचं म्हणणं असं की रिकामी खोली वेगळी वाजते आणि माणसं असलेली वेगळी, म्हणून ज्यांचे आवाज सिनेमात आहेत ते सगळे आत उभे पाहिजेत. निवेदक आणि फाटकवाला बाबा, आजीबाईंच्या चार वाक्यांपुरती आई, मुलगी मी. असे आम्ही तिघं त्या एका माणसाच्या खोलीत उभे राहिलो. भिंतींना जाड कापड, मध्ये माइक, एक स्टूल. आईचं कोपर माझ्या खांद्याला लागत होतं आणि बाबाच्या शर्टाला इस्त्रीचा वास येत होता. त्याने स्वतः केलेली. कॉलर चुकली होती.

"कुणी हलायचं नाही. चालू."

मी ठरवलंच नव्हतं, पण मला रस्ता समोर दिसला. शांतता मिळाली नाही तर सिनेमा संपत नाही. मी खोकले.

"भोंग्या!"

"घशात खवखव, काका."

"पाणी पी. पुन्हा. चालू."

मी पायाने स्टूल सरकवलं. करकर!

"स्टुलालाही खवखव झाली का गं?" कानसेनकाका म्हणाले. बाबा हसला. आई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला समजलं की तिला समजलंय.

"तुझी गाडी चुकेल," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"पुढची असते," बाबा म्हणाला.

पुढची असते! मी उडीच मारली असती. माझ्या खिशात पेन्सिल होती, ती पाडायची, मग मांडीवर थाप, मग उचकी. माझ्याकडे आवाजांचा काय तोटा? मी पुढचे सगळे आवाज मनात रांगेत लावले. पुढची गाडी, मग तिच्या पुढची.

"चालू."

मी पेन्सिलीवर हात ठेवला. आणि माझ्या आधीच आवाज आला. बारीक. श्वास घ्यायला जावा आणि मध्येच अडकावा, तसा.

"आता कोण?" कानसेनकाकांनी विचारलं. त्यांना कळलेलं होतं. त्यांना काय कळत नाही?

"मी," आई म्हणाली. "सॉरी, सर."

"सर नको ना गं म्हणूस," बाबा म्हणाला.

तिने मान हलवली आणि ओठ मिटून घेतले, घट्ट, कुठल्याही भाषेतलं अक्षर त्यांतून बाहेर पडू नये असे. तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. मी खोकले, स्टूल सरकवलं, त्या प्रत्येक वेळी तिने काहीतरी आतल्या आत धरून ठेवलं होतं, आणि माझ्या आवाजामुळे तिला ते सोडून पुन्हा पहिल्यापासून धरावं लागलं होतं. मी बाबाला थांबवत होते आणि त्याचं ओझं ती उचलत होती.

मी पेन्सिल खिशातून काढून तिच्या हातात दिली. तिने ती घेतली आणि माझी बोटंही सोडली नाहीत. दुसरा हात बाबाने धरला.

"चालू," कानसेनकाका म्हणाले.

आयुष्यात मी इतकी गप्प कधी नव्हते, म्यूट होते तेव्हासुद्धा नाही. माझ्या घशात खोकला खरोखरच आला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण पाण्याचा आवाज होत नाही. बाबाचा अंगठा माझ्या मुठीवर होता आणि त्यातली नाडी उडत होती. कापडाच्या भिंती आमच्याजवळ सरकल्यासारख्या वाटल्या. त्या पूर्ण वेळात कुणीही, कशालाही, कुठलाही शब्द शोधत नव्हतं.

काचेपलीकडे कानसेनकाकांनी हात वर केला. त्यांनी तो लवकर खाली घेतला नाही. लागते त्याहून खूप जास्त शांतता त्यांनी घेतली, हे मला आता कळतं.

"मिळाली," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

बाबा बॅग उचलताना म्हणाला, "भोंगा बंद करायचा नाही हं." मी म्हणाले, "वेडा आहेस का?" आणि माझा आवाज फाटला. आईने त्याची कॉलर सरळ केली. त्याने मान जरा पुढे केली, तिचा हात पोचावा म्हणून. मग दार मिटलं. ते स्टुडिओचं दार होतं, मिटताना आवाजच करत नाही.

शाळेत आमच्या बाकाला पूर्ण गुण मिळाले. बाई म्हणाल्या, वाक्यात उपयोग फार छान केलाय.

परवा तो सिनेमा लागला. चॅनेलवाल्यांनी 'उद्ध्वस्त झालो' ठेवलं होतं. आई आपले सिनेमे कधी बघत नाही, म्हणते सगळ्या चुका दिसतात. पण परवा बसली. चहा केला, दोन कप, आणि रिमोट स्वतःच्या हातात ठेवला. बाबाचा आवाज खोलीभर पसरला, गाव, पाणी, संहार, मी प्रत्येक शब्दाला ओळखत होते. मध्येच त्याचा फोन आला, "बघताय ना?" मी म्हणाले, "बघतोय, गप्प बस, तू बोलतोयस."

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आई रिमोटशी काहीतरी करतेय. बाबा बोलत असला की ती आवाज नेहमीइतकाच ठेवायची. वाक्य संपलं, पडद्यावर नुसता चिखल आणि आभाळ आलं, की ती बटण दाबून आवाज वाढवायची. वाढवत न्यायची. पुढचं वाक्य सुरू होईपर्यंत पुढे वाकून ऐकायची.

माझा चहा निवत होता. मी कप खाली ठेवला नाही, बशीचा आवाज झाला असता.